दाखला कुणाचा, सही कुणाची

फेब्रुवारी 2011 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठात कायदा शिकवणारे प्राध्यापक आंद्रेआस फिशर-लेस्कानो एका ग्रंथाचे परीक्षण लिहीत होते. ग्रंथ म्हणजे कायद्यातला पीएच.डी.चा प्रबंध होता. अमेरिकेची राज्यघटना आणि युरोपीय संघाचा घटनाकरार यांची त्यात तुलना केलेली होती, आणि बायरॉइट विद्यापीठाने त्याला सर्वोच्च श्रेणी दिली होती. लेखक होते त्या वेळचे संरक्षणमंत्री, जनतेचे लाडके, उद्याचे चान्सेलर म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई ते कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग. फिशर-लेस्कानो यांनी काही वाक्ये गूगलवर टाकून पाहिली आणि ती दुसऱ्यांची निघाली. मग इंटरनेटवर अनोळखी माणसे एकत्र जमली आणि त्यांनी पान न् पान तपासायला घेतले. त्यांच्या मोजणीत 393 पैकी 371 पानांवर उचललेला मजकूर सापडला. प्रबंधाच्या प्रास्ताविकाची सुरुवातच मुळी 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' या दैनिकात 1997 मध्ये आलेल्या एका लेखातून घेतलेली होती. प्रस्तावना लिहायला बसलेल्या माणसाला हा तपशील विसरता येत नाही, म्हणून तो आधी सांगून टाकला.

पुढच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. मंत्र्यांनी आधी आरोप हास्यास्पद ठरवले, नंतर चुका मान्य केल्या. 23 फेब्रुवारीला विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि 1 मार्चला मंत्रिपद गेले. चान्सेलर मर्केल यांनी आपण मंत्री नेमला होता, संशोधन सहायक नव्हे, अशा अर्थाचा बचाव करून पाहिला होता. त्यावर हजारो संशोधक विद्यार्थ्यांनी त्यांना खुले पत्र धाडले. मे महिन्यात विद्यापीठाच्या समितीने ही फसवणूक जाणूनबुजून झाल्याचा निष्कर्ष काढला. गुटेनबर्ग यांचे म्हणणे मात्र वेगळे होते. संसार, राजकारण आणि संशोधन अशी तारेवरची कसरत वर्षानुवर्षे चालली. चार संगणक आणि निदान ऐंशी डिस्क यांत टिपणे विखुरलेली होती. आपले काय आणि दुसऱ्याचे काय, याचा हिशेब त्या पसाऱ्यात राहिला नाही. हेतू नव्हता, गोंधळ होता.

हा बचाव कोणालाही खोटा म्हणता येईल. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कायद्याच्या संशोधनातला गैरप्रकार उघडा पडला की दोष नेहमी खाली घरंगळत जातो. तो डिस्कवर जातो, सहायकावर जातो, इंटर्नवर, ज्युनिअरवर आणि अलीकडे यंत्रावर जातो. सही मात्र वरच्याची असते. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या विषयांवर आहेत, त्यांचे लेखकही एकमेकांशी सहमत नाहीत. पण वाचकाने एक प्रश्न हाताशी ठेवला तर सगळे लेख एका धाग्यात येतात. काम कुणी केले, सही कुणी केली, आणि या दोघांत जे अंतर पडले त्याची किंमत कुणी मोजली?

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या एका औषधाच्या पेटंटवरून रोश आणि सिप्ला या कंपन्यांत दिल्ली उच्च न्यायालयात अनेक वर्षे वाद चालला. 27 नोव्हेंबर 2015 रोजी द्विसदस्यीय खंडपीठाने निकाल दिला. बौद्धिक संपदेच्या वर्तुळात हा निकाल बारकाईने वाचला गेला आणि काही दिवसांतच कुणाच्या तरी लक्षात आले, की चौथ्यापासून अडतिसाव्या परिच्छेदापर्यंतचा भाग दोन भारतीय वकिलांच्या एका प्रसिद्ध लेखातून जसाच्या तसा आलेला आहे. लेखकांचा उल्लेख कुठेही नव्हता. डिसेंबरात खंडपीठाने आदेश काढून ते परिच्छेद निकालपत्रातून वगळले, खेद व्यक्त केला आणि इंटर्नने तयार करून दिलेल्या टिपणातून हा मजकूर आल्याचा खुलासा केला.

न्यायालयाने चूक लपवली नाही आणि लवकर दुरुस्त केली, याचे श्रेय द्यायलाच हवे. आपल्याकडे एवढेही सहज घडत नाही. पण खुलासा वाचताना मनात येते ते असे. इंटर्न म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेला पोरगा किंवा पोरगी. त्याला सांगितलेले असते, की अमुक विषयावर कायदा काय आहे ते काढून दे. तो काढून देतो. आपले टिपण उद्या निकालपत्राचे परिच्छेद होणार आहेत हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. ठाऊक असते, तर कदाचित त्याने अवतरणचिन्हे घातली असती. टिपण करणाऱ्याची लबाडी आणि टिपणाचे निकालपत्र करणाऱ्याचा निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची चर्चा फार होते, दुसरीची कमी.

हार्वर्डमध्ये हेच झाले. चार्ल्स ऑगलट्री हे तिथले नामवंत प्राध्यापक. शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या ब्राउन निकालावर त्यांनी 2004 मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यातले सहा परिच्छेद येलच्या जॅक बाल्किन यांच्या लिखाणातून जवळजवळ शब्दशः आलेले निघाले. ऑगलट्री यांनी जाहीरपणे चूक कबूल केली. खुलासा असा होता, की एका सहायकाने तो मजकूर मसुद्यात ठेवला, दुसऱ्याने आवरताना त्याची ओळख सांगणारी खूण काढून टाकली, आणि छापण्याच्या घाईत ते नजरेतून निसटले. मी हे वाचतो तेव्हा बाल्किन यांचे परिच्छेद निसटले याचे मला फारसे नवल वाटत नाही. स्वतःच्या पुस्तकात आपण न लिहिलेले सहा परिच्छेद वाचताना लेखकाला ते परके वाटले नाहीत, याचे वाटते. की वाचलेच नव्हते?

वाङ्मयचौर्य कुठल्याही विषयात होते. मग कायद्याचे वेगळे काय? माझ्या मते फरक असा, की इतर विषयांत खोटा निष्कर्ष कधीतरी वस्तुस्थितीवर आपटतो. खोट्या प्रयोगाच्या आधारे बनवलेले औषध रोग्याला बरे करत नाही. कायद्यात आपटायला अशी वस्तुस्थिती नसते. न्यायालयाने म्हटले की तो कायदा होतो. म्हणजे खोटा दाखला न्यायालयाच्या तोंडून एकदा बाहेर पडला, की पुढचा वकील तो दाखला देताना खोटे बोलत नसतो.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण एका इतिहासकाराचे आहे. मायकेल बेलसाइल्स यांचे 'आर्मिंग अमेरिका' हे पुस्तक 2000 साली आले. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात घरोघरी बंदुका होत्या ही समजूतच चुकीची, असा त्यांचा दावा होता. आधार होता मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांचा. हजारो याद्या तपासल्या आणि 1765 ते 1790 या काळात त्यांतल्या जेमतेम 14.7 टक्के याद्यांत बंदूक सापडली, असे त्यांनी लिहिले. अमेरिकी घटनेची दुसरी दुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क, हा तिथला सर्वांत तापलेला घटनात्मक वाद. त्यामुळे पुस्तक इतिहासाच्या कपाटातून थेट कायद्याच्या टेबलावर आले. 2001 मध्ये त्याला इतिहासलेखनाचे मानाचे बॅनक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जेम्स लिंडग्रेन यांनी त्याच याद्या पुन्हा मोजायला घेतल्या आणि बंदुकांचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. मूळ मोजणी पाहू म्हटले, तर बेलसाइल्स म्हणाले, की ती पिवळ्या लीगल पॅडवर पेन्सिलीच्या रेघोट्या मारून केली होती आणि कार्यालयात पाणी शिरले तेव्हा ते कागद वाया गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयातल्या याद्याही आपण पाहिल्या, असे त्यांनी लिहिले होते. त्या याद्या 1906 च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्या होत्या. बेलसाइल्स शिकवत होते त्या एमरी विद्यापीठाने बाहेरच्या इतिहासकारांची समिती नेमली. 2002 च्या अखेरीस राजीनामा आला आणि कोलंबिया विद्यापीठाने पारितोषिक परत घेतले.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची छोटी घटना. समितीचा अहवाल जाहीर होऊन गेल्यावर, डिसेंबर 2002 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या शस्त्रबंदी कायद्यासंबंधीच्या सिल्व्हेरा खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला आणि त्यात बेलसाइल्स यांचा आधार घेतला. टीका झाल्यावर जानेवारीत निकालपत्र दुरुस्त करून तो संदर्भ काढला गेला. निर्णय मात्र तोच राहिला. संदर्भ काढल्याने निर्णय बदलत नसेल, तर तो संदर्भ कशासाठी होता? वकिली करणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे. बरेचसे दाखले निष्कर्ष ठरल्यानंतर शोधले जातात. ही सवय वाईटच आहे असे मी म्हणणार नाही, पण जिथे ती आहे तिथे पडताळणीची भूक मरते, हे खरे.

बेलसाइल्स एका बाजूचे, तर जॉन लॉट दुसऱ्या. शस्त्रे वाढली की गुन्हे घटतात असे सांगणारे हे अभ्यासक. त्यांनी एका सर्वेक्षणाचा आकडा दिला होता. ते सर्वेक्षण दाखवा म्हटल्यावर संगणकाची डिस्क बिघडून माहिती गेली, असे उत्तर मिळाले. 2003 मध्ये असेही उघड झाले, की इंटरनेटवर 'मेरी रॉश' या नावाने लॉट यांची तारीफ करणारी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी म्हणजे स्वतः लॉटच होते. या सर्वेक्षणाच्या मागे लागलेल्यांतही लिंडग्रेन होतेच. एकीकडे पाणी, दुसरीकडे डिस्क. दोन्ही बाजूंचे कागद तपासणारा माणूस एकच होता आणि त्याचा मला आदर वाटतो, कारण आपल्या बाजूचे कागद तपासायला फार थोडे लोक तयार असतात.

आता यंत्राकडे येऊ, कारण या संग्रहाचा जन्म त्या धसक्यातून झाला आहे. ऑगस्ट 2019 मध्ये एल साल्वादोरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात जेवणाची ट्रॉली गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने एव्हिआन्का कंपनीवर दावा लावला. कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला. त्याला उत्तर म्हणून प्रवाशाच्या वकिलांनी मार्च 2023 मध्ये जे लेखी म्हणणे दिले, त्यात काही निवाडे होते जे विरुद्ध पक्षाला आणि न्यायालयाला कुठेच सापडेनात. ते चॅट जीपीटीने रचलेले होते. पक्षकारांची नावे, न्यायमूर्तींची नावे, आतले दाखले, सगळे होते. नव्हता तो फक्त निवाडा.

या प्रकरणावर खूप हसून झाले आहे, पण त्याचा खरा कणा हसण्यात हरवला. संशोधन करणारे वकील त्या संघीय न्यायालयात उभे राहू शकत नव्हते, म्हणून कार्यालयातल्या दुसऱ्या वकिलाने सही केली. सही करणाऱ्याने एकही निवाडा उघडून पाहिला नाही. संशोधन करणाऱ्याला तीस वर्षांचा अनुभव होता. त्याने यंत्रालाच विचारले, की हा निवाडा खरा आहे ना, आणि यंत्र हो म्हणाले. न्यायालयाने निवाड्यांच्या प्रती मागवल्या तेव्हा यंत्राकडूनच त्या 'प्रती' काढून दाखल केल्या. न्यायाधीश केविन कॅसल यांनी 22 जून 2023 च्या आदेशात तंत्रज्ञान वापरल्याबद्दल दोष दिला नाही. सही करणाऱ्याने तपासले नाही आणि शंका आल्यावरही दोघे आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. 5,000 डॉलरचा दंड झाला. त्याशिवाय एक वेगळा हुकूम होता. ज्या न्यायमूर्तींच्या नावावर खोटे निवाडे खपवले होते, त्या प्रत्येकाला आदेशाच्या प्रतीसह पत्र पाठवायचे. दंडापेक्षा ही शिक्षा मला अधिक अचूक वाटते. दंड खिशाला लागतो. पत्र लिहिताना निदान ज्याचे नाव वापरले तो हाडामांसाचा माणूस आहे, हे आठवते.

लंडनच्या उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये अशा दोन प्रकरणांवर एकत्र निकाल दिला. त्यांतल्या एकात 45 दाखल्यांपैकी 18 अस्तित्वातच नव्हते. त्या प्रकरणात संशोधन वकिलाने केलेच नव्हते, पक्षकाराने केले होते आणि सॉलिसिटरने त्यावर विसंबून ते पुढे पाठवले. म्हणजे घसरण आता उलटी. अशिलाने वकिलाला कायदा सांगायचा!

आपण यात मागे नाही. बेंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर 2024 मधला आपलाच एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात दाखवलेले निवाडे कुठे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये एका कंपनीची करआकारणी रद्द केली. करदात्यासमोर न येता, चेहराविरहित पद्धतीने काम करणाऱ्या आकारणी अधिकाऱ्याने ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते नव्हतेच. न्यायिक स्वरूपाचे अधिकार वापरणाऱ्याने यंत्राने दिलेले निकाल डोळे झाकून घेऊ नयेत, पडताळावेत, असे न्यायालयाने बजावले. या प्रकरणाकडे मी जास्त गंभीरपणे पाहतो. वकिलाने खोटा दाखला दिला तर समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतो. अधिकाऱ्यानेच खोटा दाखला दिला तर नागरिकाच्या बाजूने तपासणारे कुणी नसते. त्याला आधी वकील लावावा लागतो, रिट दाखल करावी लागते, आणि तोवर कराची मागणी डोक्यावर असते. चेहराविरहित पद्धत भ्रष्टाचार रोखण्यासाठी आणली आणि ते कारण चांगलेच होते. पण चेहऱ्याबरोबर सहीही दिसेनाशी होते की काय, असा प्रश्न आता विचारावा लागतो.

यंत्राला मात्र सगळे पाप लावू नये. यंत्राच्या कितीतरी आधी, 2004 मध्ये, ओरिसा राज्य विरुद्ध नलिनीकांत मुदुली या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची कानउघाडणी केली होती. मोठ्या पीठाने रद्दबातल ठरवलेला निवाडा, तो रद्द झाल्याचे न सांगता, उच्च न्यायालयापुढे ठेवला गेला होता. हा निवाडा खरा होता, छापील होता, ग्रंथालयात होता. खोटे होते ते मौन. जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये थोडा वेळ बसलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. सायटेशन व्हॉट्सॲपवर येते, बहुधा हेडनोटचा फोटो असतो. हेडनोट प्रकाशकाच्या संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे, हे प्रत्येक वकील पहिल्या वर्षी शिकतो आणि सोयीने विसरतो. मग तो फोटो प्रिंट होतो, कंपायलेशनला लागतो आणि 'हे जजमेंट माझ्या फेव्हरमध्ये आहे' असे सांगितले जाते. आत सतराव्या परिच्छेदात न्यायालयाने नेमका अपवाद सांगितलेला असतो. समोरचाही हेडनोटच वाचून आलेला असेल तर तो अपवाद कुणालाच दिसत नाही.

विद्यापीठांकडे वळलो तर तिथे आपण एक आकडा शोधून काढला आहे आणि त्याच्या आडोशाला सुखात बसलो आहोत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ, 10 ते 40 मध्ये प्रबंध सुधारून द्यायचा, 40 ते 60 मध्ये वर्षभर थांबायचे, 60 च्या वर नोंदणीच रद्द. अवतरण देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांचे शब्द हे मोजणीतून वगळायचे, अशी समंजस तरतूदही त्यात आहे. कागदावर हे वाईट नाही. प्रत्यक्षात काय होते? विद्यार्थी मार्गदर्शकाला प्रश्न विचारत नाही, 'सिमिलॅरिटी किती आली' एवढेच विचारतो. आणि टक्के खाली आणायला शब्द बदलू लागतो. साहित्यात शब्द बदलला तर शैली बिघडते, कायद्यात शब्द बदलला तर कायदा बदलतो. 'उद्देश' आणि 'जाणीव' यांतल्या फरकावर सदोष मनुष्यवधाची शिक्षा बदलते. टक्के उतरवण्यासाठी एकाच्या जागी दुसरा बसवलेला मी प्रबंधांत पाहिला आहे. यंत्राने तो प्रबंध स्वच्छ ठरवला होता.

उलट गंमत अशी, की न घडलेला निवाडा साम्य मोजणाऱ्या यंत्रापुढे निष्कलंक ठरतो. तो जगात कुठेच नाही, मग साम्य कशाशी निघणार? मोडतोड केलेला निवाडाही तसाच निभावून जातो. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी न्यायाचे सर्वाधिक नुकसान होते, त्या आपल्या एकमेव मोजपट्टीवर शून्य दाखवतात. मार्गदर्शकांनी शंभरांतले पाच दाखले जरी स्वतः उघडून पाहिले, तरी या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सापडेल. पण त्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

कॉपीराइटची गल्लत इथेच काढून टाकलेली बरी. निकालपत्रांचा मजकूर पुन्हा छापण्याने आपल्याकडे सहसा कॉपीराइटचा भंग होत नाही, 1957 च्या कायद्यातच तशी सूट आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या 2007 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकालपत्र सर्वांचे आणि संपादकाने त्यावर केलेले काम संपादकाचे, अशी विभागणी केली. त्यामुळे 'निकालपत्रातून घेतले तर चोरी कसली' हा युक्तिवाद विद्यार्थी करतात. न्यायमूर्तींचे विश्लेषण आपले म्हणून मांडणे कायदेशीर असू शकते आणि तरीही अप्रामाणिक असू शकते. वकिली शिकणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत तर पुढे अवघड आहे.

कागदाच्या बाहेरच्या संशोधनाबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिले जाते, म्हणून संग्रहात त्याला मुद्दाम जागा दिली आहे. 1954 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या विधी विभागातल्या अभ्यासकांनी कॅन्ससमधल्या विचिटा इथे काही दिवाणी खटल्यांतल्या ज्युरींची बंद दाराआडची चर्चा लपवलेल्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित केली. न्यायाधीशांची परवानगी होती, वकिलांची संमती होती. ज्यांचे बोलणे टिपले त्या ज्युरींना मात्र कुणी सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी बातमी फुटली, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि 1956 मध्ये काँग्रेसने असे ध्वनिमुद्रण गुन्हा ठरवले. हे चोर नव्हते, नामांकित विद्वान होते आणि हेतू शुद्ध ज्ञानाचा होता. संशोधकाने वरच्याची परवानगी घेतली आणि खालच्याला गृहीत धरले, एवढेच. आपल्याकडे कारागृहात, कुटुंब न्यायालयात, पोक्सोच्या खटल्यांच्या कागदपत्रांवर काम करणारे विद्यार्थी वाढले आहेत. पीडितेचे नाव छापायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तालुका, शाळेचे वर्णन, वडिलांचा व्यवसाय आणि घटनेचा महिना दिला की गावातल्या कुणालाही ती मुलगी ओळखता येते. अधीक्षकांचे पत्र परिशिष्टात जोडले म्हणजे कैद्याची संमती मिळाली असे होत नाही.

आणि पैसा. 1989 मध्ये एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून अलास्काच्या समुद्रात तेल सांडले. ज्युरीने कंपनीवर 5 अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई बसवली. ज्युरी असे आकडे किती लहरीने ठरवतात, यावर मग विद्वत्तापूर्ण अभ्यास प्रसिद्ध होत गेले आणि त्यांतल्या काहींना एक्सॉनचेच अर्थसाहाय्य होते. 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा निकाल दिला तेव्हा न्यायमूर्ती साउटर यांनी सतराव्या तळटिपेत नोंदवले, की हे संशोधन अंशतः एक्सॉनच्या पैशातून झाल्याने आम्ही त्यावर विसंबत नाही. कंपनीला भरपाईत मोठी सूट मिळाली ती मिळालीच, रक्कम 50 कोटी 75 लाख डॉलरवर आली. तरी ती तळटीप होऊ शकली, कारण पैसा कुणाचा हे लेखांवर छापलेले होते. आपल्या विधी नियतकालिकांत लेखक त्याच प्रश्नावर कुणाचा वकील आहे, हे सांगण्याची प्रथा अजून नीट रुळलेली नाही. मोठा करवाद चालू असतानाच त्याच कलमावर लेख येतो आणि लेखकाच्या नावाखाली फक्त 'ज्येष्ठ विधिज्ञ' असते.

हे सगळे वाचून आपल्याकडे शिस्त कधी नव्हतीच असे कुणाला वाटू नये. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत, आणि ती करता करता त्यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' पाच खंडांत लिहिला. पहिला खंड 1930 मध्ये आला, शेवटचा 1962 मध्ये. त्या प्रचंड कामाच्या सावलीत त्यांचे एक छोटे काम झाकून गेले आहे. व्यवहार, म्हणजे न्यायदान आणि दिवाणी-फौजदारी कायदा, या विषयावरची कात्यायनाची स्मृती मोठ्या अधिकाराची, पण मूळ ग्रंथ हरवलेला. काण्यांनी 1933 मध्ये ती पुन्हा उभी केली. मिताक्षरा, स्मृतिचंद्रिका, व्यवहारमयूख अशा टीका-निबंधांत कात्यायनाच्या नावाने जे श्लोक उद्धृत झाले होते ते त्यांनी वेचले, लावले आणि कोणता श्लोक कुणाकुणाकडे सापडतो ते दिले.

यात प्रामाणिकपणा दोन ठिकाणी आहे. काण्यांचा तर आहेच. पण त्यांच्याआधी या टीका-निबंधांचे लेखक विज्ञानेश्वर, देवण्णभट्ट, नीलकंठभट्ट यांनी श्लोक घेताना 'कात्यायन म्हणतो' असे लिहिले म्हणूनच हे काम शक्य झाले. साम्य मोजणारे टर्निटिन नव्हते, विनियम नव्हते, पदोन्नतीचे गुणही नव्हते. दुसऱ्याचे वाक्य घेताना त्याचे नाव सांगायचे, एवढी रीत होती. त्यांनी ते श्लोक आपलेच म्हणून ओवले असते तर एका मोठ्या विधिज्ञाचा ग्रंथ कायमचा गेला असता आणि गेला हे कळलेही नसते. प्राचीनांचे सगळेच छान होते असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. श्लोक घुसडण्याचे आणि पाठ वाकवण्याचे प्रकार त्या परंपरेतही झाले आणि ते ओळखण्यात काण्यांसारख्यांची उमर गेली.

मग जबाबदारीचे काय? वकिलासाठी 1961 च्या अधिवक्ता कायद्याचे पस्तिसावे कलम आहे. ताकीद, निलंबन, सनद रद्द, सगळे त्यात आहे. प्राध्यापकासाठी विद्यापीठाच्या समित्या आहेत. न्यायाधीशाने केले तर मजकूर वगळला जातो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निष्कर्ष काढायला किंवा निकाल लिहायला कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास मनाई केली. लवादाच्या बाबतीत सिंगापूरच्या अपील न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये एक निवाडा रद्द करण्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णयच कायम केला. भारतातल्या मालवाहू रेल्वेमार्गाच्या कामाचा तो वाद होता. लवादाच्या निवाड्यातल्या 451 पैकी निदान 212 परिच्छेद दुसऱ्या निवाड्यांतून उचललेले होते आणि नक्कल इतकी बिनदिक्कत होती, की दुसऱ्याच कराराच्या अटी त्यात येऊन बसल्या होत्या. तिथे मजकूर वगळून भागले नाही. पक्षकाराने पैसे मोजले होते ते आपल्या वादाचा विचार व्हावा म्हणून, असा त्याचा अर्थ. दिल्लीचा उपाय आणि सिंगापूरचा उपाय यांत कोणता बरोबर, यावर या संग्रहात दोन लेखकांनी एकमेकांविरुद्ध लिहिले आहे. मी सिंगापूरच्या बाजूने आहे, पण दिल्लीच्या बाजूचा लेख जास्त चांगला उतरला आहे हे कबूल करतो.

संग्रहातल्या प्रत्येक लेखकाला एक अट घातली होती. निवाड्याचा दाखला दिला तर परिच्छेदाचा क्रमांक द्यायचा, तो निवाडा पुढे फिरवला गेला असेल तर तेही लिहायचे, आणि कुणा सहायकाने संशोधन केले असेल तर त्याचे नाव लेखाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला छापायचे. दोघांनी या अटीवर लेख परत घेतले. उरलेल्या लेखांतले दाखले संपादकांनी मूळ निकालपत्रांशी ताडून पाहिले आहेत आणि त्यामुळे पुस्तक ठरल्यापेक्षा बरेच उशिरा आले. इतके करूनही चुका राहिल्याच असतील. त्या सापडल्यास पानाच्या क्रमांकासह प्रकाशकांकडे लिहून पाठवाव्यात. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत, ती सांगणाऱ्याच्या नावासह, त्याच पानावर छापली जाईल.